मिशी कोणत्या खात्यात येते

सोमवार, ३ तारीख

सलूनला सोमवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मी घरात दिसलो की बाबा आईला म्हणतात, "त्याला विचार, आज काय दिवे लावणार आहे." मी समोरच बसलेला असतो. आई माझ्याकडे वळून तेच विचारते. मी आईला म्हणतो, "त्यांना सांग, वही लिहिणार आहे." कॉलेज सोडल्यापासून आमच्या घरात असा दुभाषी लागतो. बिचारीला पगार नाही.

कॉलेज का सोडलं ते एकदाच लिहून टाकतो. राज्यशास्त्राच्या पेपरात 'लोकशाहीचे फायदे सांगा' असा प्रश्न होता. मी लिहिलं, 'आधी दाखवा, मग सांगतो', आणि उठलो. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी विचारलं, कुणाची, लोकशाहीची? त्यानंतर मी कॉलेजकडे फिरकलो नाही, आणि कॉलेजनेही माझ्या नावाने हंबरडा फोडल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हापासून मामाच्या सलूनमध्ये. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बाक आणि एक कायदा. कायदा पाटीवर लाल रंगात लिहिलाय: 'वस्तरा गळ्यावर असताना राजकारण बोलू नये.' पूर्वी एका गिऱ्हाइकाने पेट्रोलच्या भावावर तावातावाने मान फिरवली होती, तेव्हाची ही पाटी. केस कापताना काय वाट्टेल ते बोला, सरकार पाडा, दुसरं बसवा, मामाची हरकत नाही. पण गालाला फेस लागला की तोंड बंद. मला वाटतं हा देशातला एकमेव कायदा असावा जो सगळे पाळतात, कारण तो मोडला तर रक्त आपलंच निघतं.

आता वही कशासाठी, तर पालिकेची निवडणूक लागली आहे आणि मी प्रेमात पडलो आहे. दोन्ही एकाच आठवड्यात झालं. त्यामुळे भूक नेमकी कशाने मेली आहे ते समजत नाही.

तिचं नाव लिहिलं आणि पुढे काही सुचेना. पानभर पांढरं आणि वर नुसतं नाव. दोन पानं फाडली. शेवटी ठरवलं, या वहीत तिला 'जनता' म्हणायचं. कारण तिच्या मनात काय आहे ते कुणालाच कळत नाही, आणि तिच्यासमोर उभं राहिलं की पाठ केलेलं भाषण पार उडून जातं.

जनता समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसते. दुकान तिच्या वडिलांचं.

बुधवार, ५ तारीख

आज दुकानात नुसता धुरळा. आमच्या भागाचे चालू नगरसेवक म्हणजे आलोच. फोन केला की म्हणतात "आलोच", आणि मग पाच वर्षं येत नाहीत, म्हणून आलोच. रस्ता एकदा पाण्यासाठी खणला, बुजवला, मग तारांसाठी खणला, बुजवला, आता पुन्हा खणलाय आणि कशासाठी ते खणणाऱ्यांनाही ठाऊक नाही. मी एका गिऱ्हाइकाला म्हणालो, या रस्त्याला चेन लावा, उघडबंद करायला बरी. तो हसला आणि त्याच्या कल्ल्याची थोडी वाट लागली. हसणाऱ्या माणसाचे कल्ले कापू नयेत.

मी जाहीर केलं की मी मत देणार नाही. सगळे एकाच माळेचे मणी. बाकावरचे आजोबा म्हणाले, मणी एका माळेचे असले तरी माळ कुणाच्या गळ्यात ते बघायला नको का. हे आजोबा निवृत्त पोस्टमन आहेत. डोक्यावर एक केस नाही, तरी रोज सकाळी सलूनमध्ये येतात, आमचा पेपर वाचतात आणि जाताना मामाला म्हणतात, "आज राहू दे, उद्या बघू."

दुपारी शाळेतल्या बाई स्कूटरवरून आल्या. त्याही उभ्या आहेत म्हणे. स्वतःच कागद वाटत होत्या. मामाने त्यांना पाणी दिलं. मी कागद घेतला आणि त्यावर ओले कंगवे वाळत घातले.

आणि मग जनता आली. निळा स्वेटर. हातात पोस्टरांची गुंडाळी. तिचे वडील निवडणुकीला उभे राहतायत, अपक्ष, निशाणी शिडी. मामा म्हणाला, लावायची तर सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही, त्यामुळे क्षमा कर. एवढ्यावर संपलं असतं. पण माझी जीभ. मी म्हणालो, "उभं राहणाऱ्या प्रत्येकाला आधी खाली बसवायला पाहिजे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या दुकानात स्टूल आहे. या बसवायला."

गेली. मामा केस झाडत म्हणाला, "बोलावणं आलंय तुला." मामाला टोमणा कळत नाही. जनता माझ्यावर नाराज आहे, हे स्पष्ट आहे.

शुक्रवार, ७ तारीख

कालपासून जनतेची नाराजी दूर करायला हार्डवेअरच्या दुकानात जातोय. काल स्क्रू आणले. आज सकाळी दाराची कडी. दुपारी दुसरी कडी. संध्याकाळी बिजागऱ्या. प्रत्येक वेळी ठरवून जातो की आज बोलायचं, आणि तिने "काय देऊ?" विचारलं की समोर दिसेल त्या वस्तूचं नाव घेतो. ती वस्तू पुडीत बांधते, बांधायला भरपूर वेळ लावते. हळू काम करण्याची सवय असावी.

आज विचारलं, "पुन्हा कडी? तुमच्या घरात दारं आहेत तरी किती?"

मी म्हणालो, दोन.

"मग आता कड्यांना दारं शोधा," ती म्हणाली, आणि सुट्टे पैसे नाहीत, उद्या येऊन घेऊन जा, म्हणाली. गल्ल्यात सुट्टे मला दिसत होते. व्यापारी लोक असेच असतात.

मंगळवार, ११ तारीख

भल्यामोठ्या कापडी फलकावर जनतेचे वडील, म्हणजे सगळ्या गल्लीचे काका. नाक्यावर, बँकेच्या भिंतीवर, बसथांब्यावर. काकांच्या मिशा म्हणजे या भागाची खूण आहे. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगतात, मिशीवाल्यांच्या दुकानावरून डावीकडे. दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवावं, पडायचं नाही. फलकावर त्या दोन हात रुंद झाल्यात. खाली घोषणा: 'मिशी ताठ, वागणं सरळ. निशाणी शिडी.' आजोबा म्हणाले, उमेदवार कुठाय, मला नुसती मिशीच दिसते.

जनतेला विचारलं, घोषणा कुणाची. म्हणाली, बाबांचीच. "मी सांगितलं होतं, मिशी नको, कामाचं काहीतरी लिहा. पण त्या मिशीपुढे घरात कुणाचं चालतं? आईला तर लग्नापासून ती आवडत नाही." मग हळूच म्हणाली, "लहानपणी मला फार टोचायची."

तिचे डोळे किती... नको. या वहीत विषयाला धरून लिहायचं ठरलंय. बाई आजही येऊन गेल्या. कंगवे दुसऱ्या कागदावर.

शनिवार, १५ तारीख

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी मामा कात्र्यांना धार लावून आणायला गेला होता. दुकानात मी आणि बाकावर आजोबा. काका आले. इतकी वर्षं ते स्टेशनजवळच्या सलूनमध्ये जायचे. म्हणाले, "संध्याकाळी सभा आहे. मुलगी म्हणाली, इथेच जा, तिथल्या मुलाचा हात हलका आहे." तिने उगाच आपलं जवळचं दुकान सुचवलं असणार. पण मी खुर्ची दोनदा पुसली.

केस झाले. मग म्हणाले, मिशीची टोकं तेवढी सारखी कर, उजवीकडे जास्त वाढते.

इथे कायद्यातली फट लक्षात घ्यावी. केस कापताना बोलायला परवानगी, दाढी करताना बंदी. मिशी कोणत्या खात्यात येते? हातात कात्री होती, वस्तरा नव्हता. म्हणून मी समजलो, परवानगी.

काकांनी आरशातून विचारलं, मत देणार ना? मी म्हणालो, नाही. उजवीकडचं टोक कापलं. ते म्हणाले, कॉलेज सोडलंस, आता देश सोड. मी डावीकडचं कापलं. आता बोलणाऱ्या माणसाची मिशी कधी जागेवर नसते. शब्द बोलला की एक बाजू वर जाते, राग आला की दोन्ही खाली येतात. मी ती गप्प असताना बघायला हवी होती, पण ते गप्प नव्हते आणि मीही नव्हतो. ते म्हणाले, आजच्या पोरांना नुसती नाकं मुरडायला हवीत. उजवीकडे जरा. मी म्हणालो, तुमचा जाहीरनामा काय? ते म्हणाले, पोस्टरवर आहे. डावीकडे जरा. मी म्हणालो, पोस्टरवर फक्त मिशी आहे.

"मुद्दा बरोबर आहे," बाकावरून आजोबा म्हणाले.

मग मला कोण आवरणार. मी म्हणालो, "काका, लोक तुम्हाला नाही, मिशीला मत देतील. उद्या मिशी नसली तर या गल्लीत तुम्हाला ओळखेल कोण?" उजवीकडे जरा, डावीकडे जरा.

आजोबांनी पेपर खाली घेतला. पेपरमागचा माणूस पेपर खाली घेतो तेव्हा समजावं, बातमी समोर आहे.

मी आरशात पाहिलं. काकांच्या नाकाखाली दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. समतोल उत्तम साधला होता. फक्त मधे शाईचा डाग पडावा एवढंच काहीतरी उरलं होतं.

काकांची बोटं सवयीने पीळ द्यायला वर गेली आणि हवेतच एकमेकांना भेटली.

 मग काका म्हणाले, "म्हणजे मिशीशिवाय मला कुणी ओळखणार नाही, असं तुझं म्हणणं."

"तसं नाही, काका..."

"तसंच म्हणालास. काढ उरलेली. बघू या."

मी फेस लावला. वस्तरा उचलला. माफी मागायला तोंड उघडलं तर काकांनी डोळे न उघडता बोटाने पाटी दाखवली. मग मी गप्प आणि ते गप्प. वस्तऱ्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला आज कळलं. मिशीखालची कातडी अशी गोरी निघाली, जशी जुनी तसबीर काढल्यावर भिंतीवर स्वच्छ चौकोन दिसावा.

तेवढ्यात मामा आला. काकांकडे बघून म्हणाला, "बसा साहेब, बाहेरगावचे वाटतं?"

काका उठले, पैसे ठेवले आणि गेले. मामाला मी सांगितलं कोण होते ते. तो धार लावलेल्या कात्र्या मांडीवर घेऊन बाकावर बसला आणि पाटी पहिल्या अक्षरापासून वाचायला लागला.

रविवार, १६ तारीख

काल संध्याकाळी सभेला जायचं नव्हतं. गेलो. ध्वनिक्षेपकाच्या खोक्यामागे उभा राहिलो.

काका मंचाच्या पायरीवर आले तर त्यांच्याच कार्यकर्त्याने अडवलं. "काका, खाली बसा, उमेदवार यायचेत." मागे त्यांचा फलक, मिशीसकट. काका एकदा फलकाकडे, एकदा कार्यकर्त्याकडे बघत राहिले. पुढच्या रांगेत जनता आणि तिची आई. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता. जनता दोन्ही हातांनी तोंड झाकून गदगदत होती, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मी, या हातांनी, जनतेला रडवलं. पुढचं भाषण मला धड ऐकूच आलं नाही. जे आलं ते असं:

"सकाळपर्यंत माझ्याकडे एक मिशी होती. समोरच्या सलूनमधल्या पोराने वादात ती काढली. म्हणाला, आता तुम्हाला कोण ओळखणार. पोरगं उद्धट आहे, पण बोललं खरं. आत्ता मला माझ्याच सभेत कुणी वर सोडत नव्हतं. तेव्हा आज भाषण नाही. सोमवारपासून घरोघरी येतो, ओळख करून घ्यायला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सौजन्याच्या असाव्यात. माझा निकाल लागलेला आहे.

सोमवार, १७ तारीख

सुट्टी. सकाळी दार वाजलं. दारात जनता. आमच्या दारात. मी बनियनवर.

ती आईशी बोलली, माझ्याशी नाही. मग वळून म्हणाली, "तुम्ही कापलीत, आता ओळखही तुम्हीच करून द्यायची. संध्याकाळी पाचला दुकानात या. चपला भक्कम घाला."

आईने तिला चहा दिला. ती गेल्यावर आई कपबशा विसळत म्हणाली, "हीच का ती कड्यांची?" आईला कड्या एकदम कशा आठवल्या कोण जाणे.

संध्याकाळी शिक्षा समजली. निशाणी शिडी, म्हणून दुकानातली खरीखुरी शिडी खांद्यावर घेऊन मी पुढे चालायचं, मागे काका, त्यांच्यामागे पत्रकं घेऊन जनता. दार उघडलं की मी म्हणायचं, "हे तेच. फलकावरचे. मिशी मी काढली." मत न देण्याची शपथ घेतलेला माणूस मतदारांच्या दारी शिडी घेऊन उभा. आजोबांनी रस्त्याच्या कडेने हे बघितलं आणि टोपी काढून सलाम केला. टकलावर ऊन चमकलं.

मामाने पाटीखाली बारीक अक्षरांत भर घातली आहे: 'मिशीलाही लागू.'

बुधवार, १९ तारीख

एक गंमत होते आहे. माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच लोक बोलायला लागतात, आणि काकांना न ओळखता बोलतात. एक गृहस्थ म्हणाले, तो मिशीवाला ना, नळ विकतो आणि ते महिन्यात गळतात. काका म्हणाले, कोणता नळ, दाखवा. नळ खरंच गळत होता. दुसरीकडे एक बाई म्हणाल्या, त्यांच्या दुकानात उभं राहायची भीती वाटते, ते बघतातच असे. काका जिना उतरताना मला म्हणाले, "मी असा कसा बघतो रे?"  जनता म्हणाली, "आता नाही बघत."

आणि दुसरी गंमत शिडीची. पहिल्याच इमारतीत एका आजींनी शिडी बघितली आणि काका-बिका बाजूला ठेवून मला म्हणाल्या, बाळा, स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय, माझा हात पोचत नाही. लावून दिला. शेजारच्यांनी ऐकलं. त्यांचा पंखा पुसायचा होता. वरच्या मजल्यावर माळ्यावरची पेटी. मी रोज देशाबद्दल इतकं बोलतो, पण लोकांना खुर्चीवर चढून हात पोचत नाही, हा प्रश्न माझ्या कोणत्याच भाषणात नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर दोन शेजारी आहेत. इमारतीच्या मोबाईल ग्रुपवर टोपणनावांनी ते रोज एकमेकांना देशद्रोही आणि गुलाम म्हणतात, हे साऱ्या इमारतीला माहीत, फक्त त्या दोघांना माहीत नाही की समोरचा तोच. दोघांच्या दारांमधला बल्ब कधीचा गेलेला. बदलायची पाळी दुसऱ्याची, असं दोघांचंही म्हणणं. मी बदलला. उजेड पडल्यावर दोन्ही दारं उघडली, दोघांच्या हातात मोबाईल, दोघांच्या मोबाईलवर तोच ग्रुप. एकाने दुसऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. "तुम्ही होय?" तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "आत या, चहा टाकलाय." जिन्यात जनता इतकी हसली की तिची पत्रकं सांडली. ती गोळा करताना आमची डोकी आपटली. टेंगूळ आलंय. बर्फ लावलेला नाही, लावणारही नाही.

एक नोंद. बहुतेक घरांत बाईंचा कागद आधीच असतो. कुठे फ्रिजवर, कुठे फोनपाशी. रद्दी टाकायला लोकांना वेळ नसतो.

शुक्रवार, २१ तारीख

आलोचने नवा फलक लावला: 'जो स्वतःची मिशी सांभाळू शकला नाही, तो वॉर्ड काय सांभाळणार?'

माझं रक्त उकळलं. मिशी गेली ती माझ्या हातून, मग टोमणा मला मारा. शिडी होतीच. फलक फाडायला चढणार, तर जनतेने माझी बाही धरली. शर्टाची उजवी बाही, कोपराच्या जरा वर. म्हणाली, "तुम्ही फाडलंत तर उद्या पेपरात तेच येईल." मी म्हणालो, येऊ दे. ती म्हणाली, "आणि मग शिडी कोण उचलणार?"

काका शांतपणे फलकाखाली उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "ही मिशी सांभाळू न शकलेला तो मीच." लोक थांबायचे, हसायचे आणि बोलायला लागायचे. आलोचच्याच फलकाखाली आमची सभा भरली.

शर्ट धुवायला टाकलेला नाही. आई विचारते आहे.

शनिवार, २२ तारीख

प्रचार संपला. शेवटचं घर त्याच बल्बवाल्या आजींचं. काका आत पाणी पीत होते. जिन्यातला दिवा गेला होता, मी शिडीवर, खाली जनता शिडी धरून. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. वरून, तोंड छताकडे करून, म्हणालो, "त्या सगळ्या कड्या मी कड्यांसाठी नाही घेतल्या."

 मग ती म्हणाली, "बल्ब उलटा फिरवतोयस."

खरंच उलटा फिरवत होतो. सरळ फिरवला. दिवा लागला. ती वर बघत होती. "उतर आता," म्हणाली, "पडशील."

एवढंच. आजवर मला 'तुम्ही' म्हणायची, एकदम अरेतुरेवर आली. म्हणजे चांगलीच रागावलेली असणार. आणि बरोबरच आहे. बापाची मिशी काढणारा माणूस वर आणि प्रेमाच्या गोष्टी करतो.

रविवार, २३ तारीख

मतदान केलं. हो, केलं. शपथ घेताना मला ती शिडी कुठे ठाऊक होती.

माझ्यापुढे रांगेत बाई उभ्या होत्या. मागे वळून म्हणाल्या, "आजींचा बल्ब तू लावलास ना? बरं केलंस. मी गेले तेव्हा नेमकी शिडी नव्हती." मी मान डोलावली. भल्या आहेत बिचाऱ्या. पडणार.

घरी आलो तर बाबा दारातच खुर्ची टाकून बसलेले. मी आईकडे बघितलं, आई स्वयंपाकघरात. दुभाषी हजर नाही. मी तसाच उभा.

"बोट दाखव," बाबा म्हणाले.

दाखवलं. त्यांनी शाई निरखून बघितली, जणू मीच ती वाटेत पेनाने लावून घेतली असावी. मग म्हणाले, "समोरच्या इमारतीतल्या आजी भेटल्या होत्या. काय दिवे लावलेस ते कळलं." आणि खुर्ची उचलून आत गेले.

आईने आतून विचारलं, काय म्हणाले? दुभाष्याला मीच सांगायची वेळ आली.

मंगळवार, २५ तारीख

निकाल.

आलोच पडले. काकाही पडले. शाळेतल्या बाई निवडून आल्या, आणि थोड्याथोडक्या मतांनी नाही, चांगल्या दणदणीत. आमच्या सलूनमध्ये तीन आठवडे राजकारणाचा कीस पाडला, आरशापुढे सरकारं पाडली आणि बसवली, पण बाईंचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. मी शेल्फवरचा कागद काढून पहिल्यांदाच वाचला. कंगव्यांचे डाग होते. मजकूर बारीक, पण सगळा कामाचा. जिन्यांतले दिवे हा मुद्दा दुसऱ्याच ओळीत होता.

मामाला विचारलं, तू कुणाला दिलंस? तो म्हणाला, "त्यांनी मला पाढे शिकवलेत रे." आजोबा पेपरमागे इतके गप्प होते की तेही कळलंच.

काका माझ्यामुळे पडले. मिशी असती तर कदाचित... दिवसभर हार्डवेअरच्या दुकानाकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

बुधवार, २६ तारीख

सकाळी शटर वर केलं तर बाहेर काका उभे. आत आले, बसले, म्हणाले, "दाढी. आणि वरचंही." ओठावर खुंट उगवले होते.

मी विचारलं, ठेवायची नाही का पुन्हा? ते म्हणाले, "घरी मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक. आठवड्यात दुसऱ्यांदा पडलो." मग म्हणाले, बाईंनी दिव्यांच्या कामाला बोलावलंय, नळांचंही बघायचंय. "तू शिडी घेऊन येणार का, असंही विचारलंय."

फेस लावला. वस्तरा उघडला. हनुवटी वर केली आणि पातं नेमकं गळ्याशी असताना, डोळे मिटलेले, काका म्हणाले, "माझ्या मुलीबद्दल तुझं काय मत आहे?"

माझा हात जागच्या जागी थिजला. कसाबसा म्हणालो, "काका, पाटी."

मागून कापड झटकत मामा म्हणाला, "पाटीवर राजकारण लिहिलंय. हे राजकारण नाही. बोल."

आजोबांचा पेपर खाली आला. आरशात, माझ्या खांद्यावरून, समोरचं दुकान दिसत होतं. जनता शिडीवर चढून दाराशी एक बादली टांगत होती. ती बादली मी इथे नोकरीला लागल्यापासून तिथेच टांगलेली आहे.

"मत आहे," मी म्हणालो.

"पक्कं? तुझा काय भरवसा, पेपर अर्धा टाकून उठणारा तू."

"हा पूर्ण लिहीन."

"आणि तो राहिलेला?"

"बघतो."

"आलोच," बाकावरून आजोबा म्हणाले.

"देतो," मी म्हणालो. "तोही देतो."

"मग हात हलव, फेस वाळतोय," काका म्हणाले. मिशी नसल्यामुळे ते हसतायत हे लगेच दिसलं. इतकी वर्षं ते आतल्या आत हसत असतील आणि कुणाला कळतही नसेल.

तुरटी फिरवली, पावडर लावली. कुठेही कापलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुपारी समोर गेलो. ती गल्ल्यावर होती. "काय देऊ?"

समोर एक कुलूप दिसत होतं, त्याचं नाव ओठावर आलंही होतं. पण म्हणालो, "काही नको."

"मग?"

"असाच आलो."

तिने खालून स्टूल ओढलं आणि माझ्याकडे सरकवलं. "बोलावून तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "बस."

बसलो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. एवढंच लिहितो की सभेत ती रडत नव्हती.

आता या वहीत 'जनता' बंद. पान उलटलं आहे आणि वर तिचं खरं नाव लिहिलं आहे, फाडायचं नाही असं ठरवून. आणि खरंच, पुढे काही सुचत नाही.